विसाव्याचा परवाना

म्हातारी माणसं दिवसभर सांभाळायला परवाना लागतो, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. घरच्या घरी सुनेनं सांभाळली तर लागत नाही. तिथं कुणी खिडक्या मोजत नाही, जिन्याला कठडा आहे का बघत नाही, सांभाळणारी दुपारी जेवली का हेही विचारत नाही. पण चार घरांतली म्हातारी एका जागी बसवून त्यांना वेळेवर चहा आणि पेज द्यायला लागलं, की लगेच कायद्याला त्यांची काळजी वाटायला लागते. त्या काळजीनं माझी नोकरी खाल्ली. कशी खाल्ली ते सांगते, आणि गोड आवाजात सांगेन असं कुणी समजू नये.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत गणित शिकवत होते. आमचं घर जुन्या पेठेतल्या एका बोळात, दोन खोल्या आणि पुढं सोपा. माझे यजमान उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होते. सकाळी सायकल काढली की दिवस मावळल्यावर परत. सासरे वारले आणि सासूबाई कोडोलीहून आमच्याकडे आल्या. थोरले दीर गावातच होते. शेत त्यांच्याकडं, घर त्यांच्याकडं, म्हशी त्यांच्याकडं, आणि आई तेवढी आमच्याकडं. "तुमच्याकडं दवाखानं हायती," असं म्हणून त्यांनी आईला एस.टी.त बसवून दिलं. वाटणी झाली ती अशी.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. बाई खमकी होती. मला पहिल्या दिवशी म्हणाली, "मास्तरीण झालीस म्हनून भाकरी वाकडी चालायची न्हाय." आमचं भांडण व्हायचं आणि जमायचंही. पण शहरात आल्यावर वर्षभरात त्यांचं डोकं चळायला लागलं. आधी चुलीवर काय ठेवलं ते विसरायच्या, मग दिवस विसरायला लागल्या, मग नवरा गेलाय हे विसरल्या. विसरल्या नाहीत ते एकच. दुपार कलली की धारा काढायच्या. घरात म्हैस नाही, गोठा नाही, तरी चार वाजले की बाई चरवी घेऊन रस्त्याला लागायची.

गंगावेशीत तेव्हा गवळी म्हशी आणून उभ्या करायचे आणि गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून द्यायचे. आत्यांना ती जागा सापडली. एक दिवस एक गवळी शाळेच्या फाटकाशी येऊन ओरडायला लागला, "मास्तरीणबाई, तुमची म्हातारी आमच्या म्हशीखाली बसल्या की! आमास्नी हात लावू देईना!" पोरी खिडकीत गोळा होऊन हसल्या. मीही हसले. पुढच्या महिन्यात आत्या पंचगंगेचा पूल ओलांडून अनवाणी कोडोलीची वाट विचारत निघालेल्या सापडल्या, उसाच्या गाड्यांच्या मधून चाललेल्या, तेव्हा कुणी हसलं नाही. एका गाडीवानानं त्यांना परत आणून सोडलं. मला म्हणाला, "बाई, म्हातारीला असं सोडत्यात व्हय? आज चाकाखाली गेली असती."

मग रोजच तसं व्हायला लागलं. फळ्यावर समीकरण अर्ध्यात असायचं आणि शिपाई दारात येऊन उभा राहायचा. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, पण त्याही किती दिवस चांगल्या राहणार? एकदा त्यांनी मला बोलावून विचारलं, "घरात दुसरं कुणी नाही का?" दुसरं कुणी म्हणजे दुसरी कुणी बाई. यजमानांच्या कारखान्यात जाऊन कुणी त्यांना असं विचारलं नसतं. नोकरी सोडायची वेळ आली तर ती मी सोडायची, हे न बोलता ठरलेलंच होतं. मीही त्यावर कधी वाद घातला नाही, याचा मला आज जास्त राग येतो.

आमच्या समोरच्या घरात एक मुसलमान बाई एकट्या राहत. सगळा बोळ त्यांना चाची म्हणे. नवरा पिंजारी होता, गाद्या भरायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा जयसिंगपुरात शिवणकाम करायचा. चाचींनी उमेदीत एका दवाखान्यात आयाचं काम केलं होतं, त्यामुळे माणसाची घाण काढायला त्यांना कधी तोंड वाकडं करावं लागलं नाही. त्या एक दिवस मला म्हणाल्या, "मास्तरीण, म्हातारीला माझ्याकडं सोडून जा की. मी तरी घरात काय करतो? भिंतीसंगं बोलतो."

मी सोडून गेले. दिवसभर शाळेत जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी धावत आले तर आत्या चाचींच्या सोप्यात बसून लसूण सोलत होत्या.

"चारला चरवी नाही मागितली?" मी विचारलं.

"मागितली की," चाची म्हणाल्या. "सांगितलं, म्हस गाभण हाय, आटल्या. तर म्हनल्या, मग बरोबर हाय, पेंड घाल तिला चांगली."

मी इतके दिवस आत्यांना समजावत होते की आपल्याकडे म्हैस नाही. त्यावर त्या चिडायच्या, कारण म्हैस नाही असं घर त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. चाचींनी म्हैस ठेवली आणि दूध तेवढं काढून घेतलं. पुढं रोज चारला तेच संभाषण व्हायचं आणि रोज आत्या तितक्याच समजुतीनं मान डोलवायच्या.

एकाची सोय झाली की बातमी फुटायला वेळ लागत नाही. कोपऱ्यावरच्या भांडीवाल्यांची अर्धं अंग लुळं पडलेली आई यायला लागली. मग एका शिंप्याचे आंधळे झालेले वडील, मग आणखी काही. ज्याला जे जमेल ते तो द्यायचा, कुणी तांदूळ, कुणी चहापूड, कुणी जळण. चाचींचा सोपा पुरेना. तेव्हा तालमीचे वस्ताद स्वतःहून म्हणाले, "माडी दिवसा मोकळीच असत्या की. बसू द्या म्हाताऱ्यास्नी तिथं."

तालीम म्हणजे आमच्या पेठेचं सगळं काही. खाली लाल मातीचा हौद, त्याच्यामागं मारुतीचं देऊळ आणि पैलवानांना आंघोळीचं अंगण. वरच्या माडीवर गणपती बसायचा आणि मोहरमात त्याच माडीवर पंजा बसायचा. पेठेतल्या हिंदूंनी त्याला ऊद घालायचा, मुसलमानांनी गणपतीची आरती धरायची. हौदाकडं बायकांनी फिरकायचं नाही ही रीत होती. पण माडीचा जिना रस्त्याकडून बाहेरून होता, त्यामुळे बायका वर गेल्या तरी रीत मोडत नव्हती. पोरं पहाटे आणि संध्याकाळी हौदात घुमायची, मधली दुपार म्हाताऱ्यांची.

ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. तिथं काही सोहळा नव्हता. एका भिंतीकडं म्हातारे बसायचे, एकानं पेपर मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी सरकारला शिव्या घालायच्या. दुसऱ्या भिंतीकडं म्हाताऱ्या शेंगा फोडायच्या, तांदूळ निवडायच्या आणि सुनांना शिव्या घालायच्या. आत्या माझी निंदा मन लावून करायच्या असं चाची मला रोज तिखटमीठ लावून सांगायच्या. म्हाताऱ्यांना लघवीला लागलं की चाची एकेकीला हाताला धरून जिना उतरवायच्या, बोळ ओलांडून आपल्या घरी न्यायच्या आणि परत आणायच्या. म्हातारे खाली तालमीच्या मागं जायचे. सगळं चाललं होतं आणि कुणाच्या डोळ्यावर येत नव्हतं.

पण कोल्हापुरात बोर्ड लावल्याशिवाय काम झालं असं कुणाला वाटत नाही. तालमीचे अध्यक्ष बांधकामाची कंत्राटं घेत. तरुण, उत्साही, आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात. त्यांच्या लक्षात आलं की आपल्या तालमीत समाजकार्य चाललंय आणि ते कुणाला ठाऊकच नाही. हा केवढा अन्याय! लगेच बोर्ड रंगवायला गेला. 'वृद्ध विसावा केंद्र', लाल अक्षरात, खाली तालमीचं नाव आणि त्याखाली अध्यक्षांचं, तालमीच्या नावाहून थोडं मोठं. उद्घाटनाला मांडव पडला, लाउडस्पीकर लागला, हलगी आली, पाहुण्यांना भगवे फेटे बांधले. सगळ्या म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवून शाली घातल्या. आत्यांना वाटलं लग्न आहे. शाल घालणाऱ्या पाहुण्यालाच त्यांनी विचारलं, "नवरी कुठाय?" सगळा मांडव हसला. मीही टाळ्या वाजवल्या.

एकट्या चाची कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "एवढा आवाज कशापायी? म्हातारी भ्यालीत," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. तो फोटो ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला. आठवडा उलटायच्या आत तालमीला महापालिकेची नोटीस आली: वृद्धांसाठी केंद्र चालवत आहात, परवाना कुठं आहे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाल अक्षरांचा बोर्ड लागला नसता, तर त्या कचेरीला आम्ही जन्मात दिसलो नसतो.

कचेरीत अध्यक्ष आणि मी गेलो. तिथले साहेब हातकणंगल्याहून रेल्वेनं ये-जा करणारे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्यांना खलनायक करता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण ते तसे नव्हते.

"येणारी माणसं आजारी आहेत का?" त्यांनी विचारलं.

"म्हातारी आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे आजारी की धडधाकट?"

"थोडी थोडी दोन्ही."

"तसं चालत नाही बाई. आजारी असतील तर शुश्रूषागृह धरावं लागेल. धडधाकट असतील तर मग तिथं येतात कशाला?"

"घरी दिवसा कुणी नसतं म्हणून येतात."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "रात्री मुक्काम असतो? नाही. मग धर्मशाळा नव्हे. जेवण विकत देता? नाही. मग खानावळ नव्हे. लहान मुलं असती तर बालवाडीत बसवलं असतं मी."

"सगळी पुन्हा लहानच झालीत," मी म्हटलं.

ते हसले. "तुमचं काम चांगलं आहे बाई, पण ते बसवायचं कुठं?"

तोवर माझा पारा चढला होता. मी म्हटलं, "मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा आहे ना तुमचा? त्याच्या नियमांत बसतंय का बघा." अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मी शिक्षिका असल्यामुळे जरा असं बोलते असं सांगून सावरून घेतलं. साहेब रागावले नाहीत. शेवटी त्यांनी शुश्रूषागृहाच्या नियमांतले आम्हाला झेपतील तेवढे वेगळे काढायचं कबूल केलं. ही त्यांची मेहेरबानीच होती, आणि मी ती आजही नाकारत नाही. जागा बघायला मात्र ते स्वतः येणार होते.

ते आले. माडीची लांबी-रुंदी मोजली, खिडक्या उघडून बघितल्या. जिन्याला कठडा नाही, तो पाहिजे. पिण्याच्या पाण्याला झाकण आणि तोटी पाहिजे. महिन्यातून एकदा डॉक्टरनं येऊन तपासून जायला पाहिजे. सांभाळणारी शिकलेली पाहिजे, निदान तिला अनुभव आहे असं डॉक्टरनं लिहून द्यायला पाहिजे. मग त्यांनी चाचींना विचारलं, "शौचाला कुठं जातात ही सगळी?"

"बाप्ये खाली जात्यात, तालमीच्या मागं," चाची म्हणाल्या. "बायकास्नी मी माझ्या घरी नेतो. हे काय समोरच हाय. रोज धुतो मी."

साहेबांनी खिडकीतून समोरचं घर बघितलं आणि मान हलवली. "असं चालणार नाही. बायकांची सोय त्याच आवारात पाहिजे."

पुढच्या दोन आठवड्यांत तालमीनं जे केलं त्याला तोड नाही. कठडा यजमानांच्या कारखान्यातल्या पोरांनी वेल्डिंग करून बसवला. पाण्याचं पिंप आलं, माडीला चुना लागला. पेठेतल्या डॉक्टरांनी येण्याचं कबूल केलं आणि चाचींना अनुभव आहे असं लिहूनही दिलं. पोरं कामाला अशी भिडली होती की मला भरून यायचं. राहिला होता फक्त एक संडास. अध्यक्ष स्वतः कंत्राटदार. विटा त्यांच्याकडं, गवंडी त्यांच्याकडं. चार भिंती आणि एक दार, यात मोठं काम काय होतं?

पण तो बांधायचा कुठं? जागा एकच होती, तालमीच्या मागचं अंगण. म्हणजे मारुतीच्या देवळालगत, आणि वाट हौदाच्या कडेनं.

संध्याकाळी तालमीत बैठक बसली. बायकांना बैठकीला बोलावायची पद्धत नव्हती. चाची आणि मी बाहेरच्या जिन्यावर बसून ऐकत होतो. आत बराच वेळ कुणी विषयच काढेना. शेवटी वस्ताद बोलले. म्हातारा माणूस, त्यांच्यापुढं पेठेत कुणाचा आवाज चढत नसे.

"आया-बहिनी वर बसल्या, आमी कधी न्हाय म्हनलं न्हाय," ते म्हणाले. "जन्मभर बसू द्या. पन बाईमाणसानं हौदाच्या कडंनं ये-जा करायची, आनि मारुतीच्या आंगणात बायकांचा संडास, हे माझ्या हयातीत न्हाय व्हायाचं."

पुरुषांचा संडास त्याच मारुतीच्या त्याच अंगणात पन्नास पावलांवर होता. तो बजरंगबलीला चालत होता. मला राहवलं नाही. मी उठून दारात उभी राहिले आणि म्हटलं, "वस्ताद, मारुतीलाही आई होती. अंजनी म्हातारी झाली असती तर तिला कुठं पाठवलं असतं त्यानं?"

यजमानांनी मान खाली घातली. वस्ताद रागावले नाहीत. "पोरी, तुझं खरं हाय," ते म्हणाले. "पन रीत हाय ती हाय." त्यांना खरं कळत होतं आणि तरी ते हलणार नव्हते. अशा माणसाशी काय भांडायचं?

मग अध्यक्षांना तोडगा सुचला. नियम बायकांच्या सोयीसाठी आहे ना? मग बायकाच नकोत. केंद्र पुरुषांपुरतं ठेवू. बाकी सगळ्या अटी झाल्याच आहेत, परवाना सहज मिळेल, एवढी मेहनत वाया जायला नको. बैठकीतल्या सगळ्यांची अडचण एका दमात सुटली. लोक मोकळेपणी बोलायला लागले, कुणीतरी चहा सांगितला. अध्यक्ष म्हणाले, ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

माझ्या यजमानांनी हात वर केला.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुमच्या आईला बाहेर काढायला तुम्ही हात वर केलात?"

"सगळ्यांचा वर होता," ते म्हणाले. "मी एकटा खाली कसा ठेवू? तालमीत राह्यचंय आपल्याला. आणि पुरुषांचं तरी होतंय ना? आईचं आपण घरात बघू."

घरात बघू. आपण. मी गणित शिकवते. त्या 'आपण'मध्ये किती माणसं होती ते मला बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. त्यांनी आईला आणि स्वतःला दूध-भाकरी वाढून घेतली आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, जसा काही अपराध माझाच.

परवाना आला. साहेबांनी सांगितलेल्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या होत्या, त्यांनी सही केली, त्यांचं काहीच चुकलं नाही. तालमीत पुन्हा मांडव पडला. पुन्हा हलगी, पुन्हा फेटे, आणि परवाना काचेच्या चौकटीत घालून हार घातलेला. जे म्हातारे एरवीही देवळाच्या कट्ट्यावर किंवा पानपट्टीशी बसून दिवस काढू शकले असते, त्यांना आता सरकारमान्य माडी मिळाली. ज्या म्हाताऱ्यांना दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, त्या आपापल्या घरी अंधाऱ्या खोलीत परत गेल्या. भांडीवाल्यांची आई बाहेर पडणारच नव्हती, म्हणून तिच्या घरचे बाहेरून कडी घालून दुकानात जायला लागले. त्याला कुणाचा परवाना लागला नाही.

त्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला होता. मला आधी सांगितलंही नव्हतं. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं, 'सासूच्या सेवेसाठी झटणारी आदर्श सून', आणि सगळ्या बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. उठावं लागलं. अध्यक्षांनी नारळ दिला, त्यांच्या मंडळींनी ओटी भरली, खणासकट. मी स्टेजवर उभी राहून समोरच्या टाळ्या बघत होते आणि वाटत होतं की हा नारळ इथंच कुणाच्या तरी डोक्यात घालावा. घातला नाही. घरी आणून त्याची चटणी केली.

चाचींनी पुढं महिनाभर आत्यांना पुन्हा आपल्या सोप्यात बसवून घेतलं. पण मुलगा जयसिंगपुरातून आला आणि म्हणाला, तालमीचं काम सुटलं, आता इथं एकटीनं राहून काय करतेस? त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. चाचींनी गाठोडं बांधलं. जाताना मला एवढंच बोलल्या, "चारला म्हस आटल्या म्हनून सांगत जा. वाद घालू नको म्हातारीसंगं." एस.टी. सुटेपर्यंत आत्या त्यांचा हात धरून होत्या. संध्याकाळी मला विचारलं, "ती कोन बाई हुती ग?"

त्या जूनमध्ये मी राजीनामा दिला. मुख्याध्यापिकांनी डोळ्यांत पाणी आणून तो घेतला, फार आढेवेढे घेतले नाहीत. शाळेनं मला स्टीलचा डबा दिला. निरोपाच्या भाषणात एक बाई म्हणाल्या की घरातली जबाबदारी हीच खरी शाळा असते. त्या बाई अजून नोकरीत होत्या.

मग मी घरी बसले. आत्या पुढं सहा वर्षं जगल्या. गणिताची पुस्तकं मी माळ्यावर टाकली, कारण समोर दिसली की हात शिवशिवायचे. तालमीच्या माडीतून पत्त्यांचा आणि हसण्याचा आवाज यायचा. यजमान रविवारी तिथं जाऊन बसायचे.

आत्यांना मी त्यांची सून आहे हे कधी आठवायचं, कधी नाही. पण मी मास्तरीण आहे हे त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. रोज सकाळी दहाच्या सुमाराला, मी परकर-चोळ्या धूत असले किंवा त्यांचं अंथरूण बदलत असले, की त्या विचारायच्या, "आज साळा न्हाय व्हय ग तुला?"

"सुट्टी आहे, आत्या."

कधी दिवाळीची सांगायची, कधी मे महिन्याची, कधी कुठला तरी पुढारी वारला म्हणून. पुढारी वारल्यावर त्या हळहळायच्याही.

एकदा भर दुपारी आम्ही दोघी सोप्यात तांदूळ निवडत बसलो होतो. त्यांना मधूनच चांगलं स्वच्छ आठवायचं, तसा तो दिवस होता. त्यांनी माझ्याकडं टक लावून बघितलं.

"एवढी सुट्टी कुठल्या साळंला असत्या?" त्या म्हणाल्या. "खरं सांग. काढली काय ग तुला त्यांनी?"

त्या दिवशी पुढारी मारायचंही त्राण माझ्यात नव्हतं. "सोडायला लागली, आत्या."

"का? काय चुकलं तुझं?"

काय सांगणार? बोर्ड, कचेरी, बैठक, त्यांच्याच लेकाचा वर गेलेला हात? घटकाभरात त्या सगळं विसरणार होत्या. मी म्हटलं, "तालमीत बायकांना संडास नव्हता, आत्या. म्हणून सोडायला लागली."

मला वाटलं त्या हसतील, किंवा मला वेड लागलंय असं म्हणतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आमच्यात बी न्हवता," त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात दिसा गेलो न्हाय बघ मी. रानात काम करताना बी न्हाय. अंधार पडूस्तवर धरून ऱ्हायाचं. पोटात कळा यायच्या, पर कुनाला सांगायचं? तूबी धरून ऱ्हा. सवय हुत्या."